साठ गोल, आठ पौंड : डिक्सी डीनची कहाणी

१ मार्च १९८०. लिव्हरपूल शहरातील गुडिसन पार्क मैदानावर एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन सख्ख्या शेजाऱ्यांमधील सामना सुरू होता. प्रेक्षकांमध्ये ७३ वर्षांचे एक गृहस्थ बसले होते. त्यांचा उजवा पाय चार वर्षांपूर्वी कापावा लागला होता. सामना पाहत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच मैदानावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला. हे गृहस्थ म्हणजे विल्यम राल्फ डीन, फुटबॉलजगताला 'डिक्सी' या नावाने परिचित असलेला एव्हर्टनचा सेंटर फॉरवर्ड. ज्या मैदानाने त्याला मोठे केले, त्याच मैदानावर त्याची अखेर व्हावी, हा योगायोग कादंबरीकारालाही सुचला नसता.

१९२७-२८ च्या हंगामात डीनने इंग्लिश लीगच्या पहिल्या श्रेणीत ३९ सामन्यांत ६० गोल केले. या विक्रमाला आता शतक पूर्ण होत आले आहे. दरम्यान फुटबॉल पूर्णपणे बदलला. चेंडू बदलला, मैदाने बदलली, खेळाडूंचे आहार आणि व्यायाम बदलले, पैशाचे तर गणितच बदलले; मात्र हा आकडा अढळ राहिला. २०२२-२३ मध्ये मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालांडने ३५ सामन्यांत ३६ गोल करून प्रीमियर लीगचा विक्रम रचला, तेव्हाही डीन त्याच्यापेक्षा २४ गोलांनी पुढेच होता.

साठ हा आकडा नेमका आला कुठून? तो एका असामान्य खेळाडूचा पराक्रम होता, की खेळाच्या नियमांतील बदलाने घडवलेला अपघात? आणि असा विक्रम करणाऱ्या खेळाडूच्या पदरात त्या काळी नेमके काय पडले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

नदीपलीकडचा मुलगा

मर्सी नदीच्या एका तीरावर लिव्हरपूल, तर दुसऱ्या तीरावर बर्कनहेड. या बर्कनहेडमधील लेअर्ड स्ट्रीटवर २२ जानेवारी १९०७ रोजी डीनचा जन्म झाला. वडील रेल्वेत इंजिनचालक. कामगारवस्तीतील घर, त्यात शाळेची वर्षे पहिल्या महायुद्धाच्या सावटात गेलेली. १९१४-१५ च्या हंगामात वडिलांनी आठ वर्षांच्या मुलाला गुडिसन पार्कवर सामना पाहण्यासाठी नेले. त्या वर्षी एव्हर्टनने विजेतेपद पटकावले आणि मुलाने मनाशी आपला संघ निश्चित केला.

शिक्षणात त्याला फारसा रस नव्हता. वाट चुकलेल्या मुलांसाठी असलेल्या एका औद्योगिक शाळेत तो स्वेच्छेने गेला, कारण तिथे फुटबॉल खेळण्याची सोय चांगली होती. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि वडिलांच्याच वाटेने तो रेल्वेत उमेदवारी करू लागला. रात्रपाळी पत्करली की दिवसा खेळायला वेळ मिळतो, हे त्याने लवकरच हेरले.

१९२३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, बर्कनहेडच्याच ट्रॅन्मिअर रोव्हर्स या तिसऱ्या श्रेणीतील क्लबने त्याला करारबद्ध केले. तेथे लीगच्या ३० सामन्यांत त्याने २७ गोल केले. त्या काळच्या खालच्या श्रेणीतील खेळ आडदांड होता. राखीव संघाच्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या लाथेमुळे त्याला इतकी गंभीर दुखापत झाली की, शस्त्रक्रिया करून एक वृषण काढावे लागले. तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता.

मार्च १९२५ मध्ये एव्हर्टनचे सचिव टॉम मॅकिंटॉश त्याला भेटण्यासाठी बर्कनहेडला आले. निरोप मिळाला तेव्हा डीन चित्रपटगृहात गेला होता. बातमी कळताच त्याने मॅकिंटॉश उतरलेल्या हॉटेलापर्यंत धाव घेतली, असे सांगितले जाते. तीन हजार पौंडांत सौदा झाला. त्यातील तीनशे पौंड आई-वडिलांना मिळतील, अशी डीनची समजूत होती. प्रत्यक्षात हाती तीस पौंड ठेवण्यात आले. त्याने लीगच्या अध्यक्षांकडे दाद मागितली. पण कागदावर सही झालेली होती. फुटबॉलच्या व्यवहारात खेळाडूचे स्थान काय असते, याचा हा पहिला धडा.

'डिक्सी' हे नाव त्याला स्वतःला फारसे रुचत नसे. जवळची मंडळी त्याला 'बिल' म्हणत. सावळा वर्ण आणि काळे कुरळे केस यांमुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रांतांच्या 'डिक्सी' या लोकप्रिय नावावरून प्रेक्षकांनी ही ओळख चिकटवली, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामागील वर्णभेदाची छटा त्याला खटकत होती. पण प्रेक्षकांनी दिलेले नाव पुसता येत नाही.

मृत्यूच्या दारातून

एव्हर्टनकडून पहिल्याच पूर्ण हंगामात, म्हणजे १९२५-२६ मध्ये, डीनने लीगच्या ३८ सामन्यांत ३२ गोल केले. वय अवघे एकोणीस. आणि नेमक्या याच टप्प्यावर कारकीर्द संपते की काय, अशी वेळ आली.

जून १९२६ मध्ये उत्तर वेल्समध्ये मोटरसायकलवरून जात असताना त्याला भीषण अपघात झाला. कवटीला आणि जबड्याला अस्थिभंग झाला. तो बराच काळ बेशुद्ध होता. सुरुवातीला प्राण वाचतील की नाही, याचीच चिंता होती. वाचला तरी पुन्हा फुटबॉल खेळणे अशक्य, विशेषतः डोक्याने चेंडू मारणे तर नाहीच, असे डॉक्टरांचे मत होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मैदानावर परतला. आणि परतल्यावर गोल केला तो हेडरनेच. पुढे त्याच्या हेडरमधील ताकदीचे रहस्य म्हणून, अपघातानंतर त्याच्या कवटीत लोखंडी पट्टी बसवली आहे, अशी दंतकथा पसरली. तीत तथ्य नव्हते. डीनची उंची सहा फुटांच्या आतच होती. त्याचे बळ उडी कधी घ्यायची या अचूक वेळेत आणि मानेच्या स्नायूंत होते. त्या काळचा चेंडू चामड्याचा, वरून वादीने शिवलेला असे. पावसात तो पाणी शोषून जड होई आणि वादीचा भाग कपाळावर आदळला तर जखम होत असे. अशा चेंडूला डोक्याने हवी ती दिशा देणे ही सोपी गोष्ट नव्हती. जबड्याचा अस्थिभंग होऊन चार महिनेच झालेल्या माणसासाठी तर नाहीच नाही.

एका नियमाची गोष्ट

साठ गोलांचे कोडे उलगडायचे, तर १९२५ च्या उन्हाळ्याकडे जावे लागते. त्या वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला.

त्यापूर्वीचा नियम असा होता : चेंडू पुढे मारला जात असताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक असे. गोलरक्षक हा त्यांपैकी एक. म्हणजे बचाव फळीतील एक खेळाडू जरा पुढे सरकला की आघाडीवीर आपोआप ऑफसाइड ठरे आणि दुसरा बचावपटू मागे राखण करायला मोकळा असे. हा सापळा सोपा होता आणि त्यात धोकाही नव्हता. काही संघांनी त्यात एवढे प्रावीण्य मिळवले की सामने मैदानाच्या मध्यभागी अडकून पडू लागले. पंचांची शिट्टी सतत वाजू लागली आणि प्रेक्षक कंटाळू लागले.

१९२५ मध्ये तीनऐवजी दोन खेळाडू पुरेत, असे ठरले. हा बदल दिसायला किरकोळ होता, पण त्याचा परिणाम भूकंपासारखा झाला. आता सापळा फसला तर आघाडीवीरासमोर एकटा गोलरक्षक उरणार होता. १९२४-२५ मध्ये पहिल्या श्रेणीच्या ४६२ सामन्यांत एकूण १,१९२ गोल झाले होते. १९२५-२६ मध्ये तेवढ्याच सामन्यांत १,७०३. एका हंगामात पाचशेहून अधिक गोलांची भर! दर सामन्याची सरासरी २.५८ वरून थेट ३.६९ वर गेली.

बचावाच्या बाजूने उत्तर शोधण्याचे कामही लगेच सुरू झाले. ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. तेव्हा आर्सेनलचा अनुभवी खेळाडू चार्ली बुकन याने व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांना मधल्या फळीतील सेंटर हाफला मागे खेचून दोन बचावपटूंच्या मध्ये उभे करण्याचा आग्रह धरला. याच कल्पनेतून पुढे तीन बचावपटूंची पद्धत रुजली. मात्र ती सर्व संघांच्या अंगवळणी पडण्यास काही वर्षे जावी लागली. जुना बचाव मोडला आहे आणि नवा अजून उभा राहिलेला नाही, अशा संधिकाळात डीन आपल्या ऐन बहरात होता.

म्हणून हा विक्रम नियमाची देणगी म्हणावा काय? तसे म्हणता येणार नाही. नवा नियम सर्वांसाठीच होता. मिडल्सबरोच्या जॉर्ज कॅमसेलने १९२६-२७ मध्ये ५९ गोल केले, पण ते दुसऱ्या श्रेणीत. पहिल्या श्रेणीत साठची मजल मारणारा डीन एकमेव. नियमाने दार उघडले हे खरे. पण त्या दारातून आत शिरलेल्या शेकडो आघाडीवीरांपैकी एवढ्या पुढे कोणीही गेले नाही.

नऊ गोल, तीन सामने

१९२७-२८ च्या हंगामाची सुरुवातच झंझावाती झाली. पहिल्या नऊही लीग सामन्यांत डीनने गोल केले. त्यांतील नववा सामना मँचेस्टर युनायटेडविरुद्ध होता. एव्हर्टनने तो ५-२ असा जिंकला आणि पाचही गोल डीनचे होते. डाव्या बगलेवरून स्कॉटलंडचा छोट्या चणीचा अ‍ॅलेक ट्रूप अचूक क्रॉस टाकत असे आणि डीन हवेत झेपावून त्याचे सोने करत असे. ही जोडी प्रतिस्पर्ध्यांसाठी डोकेदुखी ठरली.

तरीही हंगामाचे शेवटचे तीन सामने उरले तेव्हा डीनच्या खात्यावर ५१ गोल होते. कॅमसेलला मागे टाकायचे तर तीन सामन्यांत नऊ गोल हवे होते. अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध दोन झाले. बर्नलीविरुद्ध तब्बल चार झाले, पण पायाला दुखापतही झाली. अखेरचा सामना आठवड्यावर आला होता. एव्हर्टनचा प्रशिक्षक हॅरी कुक याने डीनच्या घरी मुक्काम ठोकून रात्रंदिवस पाय शेकून काढला, अशी आठवण सांगितली जाते.

५ मे १९२८. गुडिसन पार्क. प्रतिस्पर्धी आर्सेनल. विजेतेपद एव्हर्टनने त्यापूर्वीच निश्चित केले होते, त्यामुळे जवळपास पन्नास हजार प्रेक्षक आले होते ते केवळ एका माणसासाठी. हवे होते तीन गोल. सुरुवातीलाच आर्सेनलने आघाडी घेतली. डीनने लगेच बरोबरी साधली. त्यानंतर पेनल्टीवर दुसरा गोल झाला. कॅमसेलशी बरोबरी झाली, आता एकच हवा होता. पण घड्याळ पुढे सरकत राहिले आणि गोल काही होईना. आर्सेनलनेही बरोबरी साधली. सामना संपण्यास जेमतेम आठ मिनिटे उरली असताना एव्हर्टनला कॉर्नर मिळाला. ट्रूपने चेंडू गोलसमोर उचलला, गर्दीतून डीन वर उसळला आणि चेंडू जाळ्यात गेला. साठ!

त्यानंतर मैदानावर जो कल्लोळ उसळला, त्यात उरलेला सामना जणू वाहून गेला. आर्सेनलने शेवटी बरोबरी साधून सामना ३-३ असा सोडवला, याकडे फारसे कोणाचे लक्षही नव्हते. त्या दिवशी आर्सेनलकडून कारकिर्दीतील अखेरचा सामना खेळत होता चार्ली बुकन. नव्या नियमावर तोड म्हणून तिसऱ्या बचावपटूची कल्पना मांडणारा बुकन निरोप घेत होता आणि त्याच मैदानावर त्या नियमाच्या युगातील सर्वांत मोठा विक्रम घडत होता.

एव्हर्टनने त्या हंगामात लीगमध्ये १०२ गोल केले. त्यांतील ६० एकट्या डीनचे. दहातील जवळपास सहा! नेमके १९२७ मध्येच अमेरिकेत बेब रूथने बेसबॉलच्या एका हंगामात ६० होमरन फटकावले होते. रूथचा विक्रम १९६१ मध्ये मोडला. डीनचा अजून उभा आहे.

घसरण आणि पुनरागमन

एवढ्या मोठ्या आघाडीवीरावर विसंबलेल्या संघाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. डीन दुखापतींनी बेजार झाला आणि संघाचा डोलारा कोसळला. विजेतेपदानंतर दोनच वर्षांत, १९२९-३० मध्ये, एव्हर्टन तळाला जाऊन दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. डीन मात्र क्लब सोडून गेला नाही.

त्यानंतरची तीन वर्षे ही एव्हर्टनच्या इतिहासातील विलक्षण वर्षे होत. १९३०-३१ मध्ये संघाने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. त्यात डीनचे ३७ सामन्यांत ३९ गोल. १९३१-३२ मध्ये, म्हणजे परतल्याबरोबर, पहिल्या श्रेणीचे विजेतेपद. त्यात डीनचे ४५ गोल. त्या हंगामाच्या पूर्वार्धात गुडिसनवर शेफिल्ड वेन्सडेला ९-३ आणि लिस्टर सिटीला ९-२ अशी धूळ चारण्यात आली. आणि १९३३ मध्ये एफए कप. तीन वर्षांत तीन वेगवेगळी विजेतीपदे.

२९ एप्रिल १९३३ च्या वेम्बली येथील अंतिम सामन्यात एव्हर्टनने मँचेस्टर सिटीला ३-० असे नमवले. दुसरा गोल कर्णधार डीनचा होता. याच सामन्याने फुटबॉलला आणखी एक गोष्ट दिली. एफए कपच्या अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर प्रथमच क्रमांक झळकले. एव्हर्टनला १ ते ११, तर सिटीला १२ ते २२ असे क्रमांक देण्यात आले. डीनच्या पाठीवर होता ९. सेंटर फॉरवर्ड आणि नऊ क्रमांक हे पुढे रूढ झालेले समीकरण एव्हर्टनच्या चाहत्यांच्या लेखी त्या दिवसापासून सुरू होते. आजही त्या क्लबमध्ये नऊ क्रमांकाची जर्सी स्वीकारणाऱ्या प्रत्येक खेळाडूला डीनच्या वारशाची आठवण करून दिली जाते.

लिव्हरपूलविरुद्ध डीनने १९ गोल केले. हा विक्रम पुढे लिव्हरपूलच्याच इयन रशने मागे टाकला. लिव्हरपूलचा गोलरक्षक एलिशा स्कॉट आणि डीन यांच्या चुरशीचा एक किस्सा त्या शहरात पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. दोघे एकदा रस्त्यात समोरासमोर आले. डीनने अभिवादनासाठी नेहमीप्रमाणे मान हलवली आणि स्कॉटने सवयीने काल्पनिक चेंडू अडवण्यासाठी फुटपाथवर सूर मारला! किस्सा खरा असो वा रचलेला, त्या हेडरची दहशत किती होती हे त्यातून समजते.

विश्वचषकाविना

फेब्रुवारी १९२७ मध्ये वेल्सविरुद्ध डीनने इंग्लंडकडून पदार्पण केले. पहिल्या पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याने १२ गोल केले. त्यांतील दोन गोल ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडविरुद्ध होते. स्कॉटलंडच्या भूमीवर इंग्लंडला १९०४ नंतर मिळालेला तो पहिला विजय. तरीही त्याची कारकीर्द १६ सामने आणि १८ गोल एवढ्यावर थांबली. १९३२ मध्ये तो इंग्लंडकडून अखेरचा खेळला, तेव्हा तो केवळ पंचवीस वर्षांचा होता.

यामागील कारणे त्या काळात दडलेली आहेत. इंग्लंडचा संघ निवड समिती ठरवत असे आणि तिचे निकष वारंवार बदलत. आंतरराष्ट्रीय सामनेही मोजकेच होत. दरवर्षी स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्याशी एकेक लढत, शिवाय युरोपातील एखाद-दुसरा दौरा. हौशी खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून ब्रिटिश संघटना १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या. परिणामी १९३०, १९३४ आणि १९३८ या तिन्ही विश्वचषकांत इंग्लंड नव्हता. आपल्या पिढीतील सर्वांत घातक गणला गेलेला हा आघाडीवीर एकही विश्वचषक सामना खेळला नाही. त्याच्या ताकदीची ओळख जगाला झाली ती तुरळक सामन्यांतून. डिसेंबर १९३१ मध्ये लंडनला विख्यात गोलरक्षक झामोरासह आलेल्या स्पेनचा इंग्लंडने ७-१ असा फडशा पाडला, त्यात एक गोल डीनचा होता.

आठ पौंडांची भिंत

आता या कहाणीची दुसरी बाजू. १९२२ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत इंग्लिश लीगमधील कोणत्याही खेळाडूला हंगामात आठवड्याला आठ पौंडांपेक्षा अधिक वेतन देण्यास बंदी होती. हंगाम संपल्यावर ही मर्यादा सहा पौंडांवर येई. विजयासाठी दोन आणि बरोबरीसाठी एक पौंड एवढाच बोनस. कुशल कामगाराच्या तुलनेत ही रक्कम साधारण दुप्पट होती, हे मान्य. पण ती साठ गोल करणाऱ्यालाही तेवढीच आणि त्याच्या शेजारी खेळणाऱ्या सामान्य खेळाडूलाही फार तर तेवढीच. डीनला पाहण्यासाठी पन्नास हजार लोक तिकीट काढत. त्या उत्पन्नात त्याचा वाटा नव्हता.

खेळाडूला बांधून ठेवणारी दुसरी बेडी होती नोंदणीची. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राही. क्लबने सोडल्याशिवाय त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. थोडक्यात, क्लब खेळाडूला हजारो पौंडांना विकू शकत होता, पण खेळाडू स्वतःच्या श्रमाचा भाव ठरवू शकत नव्हता. १९२८ मध्ये आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजली. जॅकच्या आठवड्याच्या वेतनाला मात्र तीच आठ पौंडांची मर्यादा होती. वेतनमर्यादा १९६१ मध्ये हटली आणि नोंदणीच्या पद्धतीला त्यानंतर न्यायालयात धक्का बसला. तोवर डीनच्या पिढीचे बूट खुंटीला टांगले जाऊन बराच काळ लोटला होता.

निरोप, तोही एकाकी

१९३६ मध्ये डीनने स्टीव्ह ब्लूमरचा लीगमधील ३५२ गोलांचा विक्रम मागे टाकला. पण शरीर थकले होते. लहानपणापासूनच्या दुखापती आणि शस्त्रक्रिया आता हिशेब मागू लागल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस एव्हर्टनने सतरा वर्षांच्या टॉमी लॉटनला ६,५०० पौंडांना विकत घेतले. हा आपला वारसदार आहे, हे डीनला समजले होते. तरीही त्याने या पोराला हेडरचे तंत्र मनापासून शिकवले. लॉटनने ही कृतज्ञता आयुष्यभर व्यक्त केली.

क्लबच्या कारभाऱ्यांशी मात्र डीनचे फारसे पटेनासे झाले होते. मार्च १९३८ मध्ये त्याला नॉट्स काउंटी या खालच्या श्रेणीतील क्लबला विकण्यात आले. तेरा वर्षे आणि ३८३ गोलांनंतर झालेला हा निरोप समारंभाविना होता. नॉट्स काउंटीकडून तो जेमतेम नऊ लीग सामने खेळला. जानेवारी १९३९ मध्ये तो आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडे गेला. तिथे रेल्वेस्थानकावर त्याच्या स्वागताला गर्दी लोटली. सात लीग सामन्यांत दहा गोल करून त्याने जुनी चमक दाखवली. क्लबला एफएआय कपच्या अंतिम फेरीपर्यंतही नेले. त्यानंतर काही महिन्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि कारकीर्द संपली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिची सुरुवातही झाली आणि शेवटही.

युद्धानंतर त्याने चेस्टर येथे 'डब्लिन पॅकेट' नावाचा पब बरीच वर्षे चालवला. पुढे लिव्हरपूलमध्ये लिटलवूड्स या फुटबॉल पूल चालवणाऱ्या कंपनीत त्याने पोर्टर म्हणून नोकरी केली. सामन्यांच्या निकालांवर लोकांनी लावलेल्या पैशांवर उभी राहिलेली ही कंपनी. आणि त्या खेळातील सर्वांत मोठा विक्रमवीर तिच्या कार्यालयात सामान्य कर्मचारी! याबद्दल त्याने कडवटपणा दाखवला नाही, असे त्याला ओळखणारे सांगत. १९६४ मध्ये त्याच्या सन्मानार्थ आणि मदतीसाठी गुडिसनवर सामना झाला. क्लब सोडल्यानंतर सव्वीस वर्षांनी.

१९७६ मध्ये रक्ताची गाठ झाल्यामुळे उजवा पाय कापावा लागला. मृत्यूच्या दिवशीच दुपारी एका भोजनप्रसंगी लिव्हरपूलचे माजी व्यवस्थापक बिल शँक्ली यांनी डीनची गणना बीथोव्हन, शेक्सपिअर आणि रेम्ब्रांट यांच्या पंक्तीत केली होती. प्रतिस्पर्धी क्लबच्या सर्वांत लाडक्या माणसाने दिलेली ही दाद होती. काही तासांतच डीन गेला. २००१ मध्ये गुडिसन पार्कबाहेर त्याचा पुतळा उभारण्यात आला, तर २००२ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मधील पहिल्या मानकऱ्यांत त्याचा समावेश झाला. एव्हर्टनच्या पुरुष संघाने मे २०२५ मध्ये गुडिसनचा निरोप घेतला आणि मर्सीच्या काठावरील नव्या स्टेडियमवर बस्तान हलवले.

विक्रम मोडेल काय?

प्रीमियर लीगमध्ये आता ४२ ऐवजी ३८ सामने होतात. ६१ गोल करायचे तर एकही सामना न चुकवता दर सामन्याला सरासरी १.६ गोल हवेत. हालांडची विक्रमी सरासरी एकाच्या किंचित वर होती. गोल कमी होतात म्हणून हे अशक्य आहे, असेही नाही. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये दर सामन्याला ३.२८ गोल झाले. पण आजचे गोल अनेक खेळाडूंत वाटले जातात, मोठ्या संघांचे सामने अनेक स्पर्धांत विखुरलेले असतात आणि आघाडीवीराला विश्रांतीही दिली जाते. साऱ्या संघाने एकाच माणसाकडे चेंडू पोहोचवायचा आणि त्याने तो जाळ्यात धाडायचा, ही पद्धत इतिहासजमा झाली आहे.

डीनचा आकडा टिकून राहिला तो यामुळे. त्या आकड्यामागे १९२५ चा नियम आहे, ट्रूपचे क्रॉस आहेत आणि अपघातातून चार महिन्यांत उठून जड चामडी चेंडूवर डोके मारण्याची हिंमतही आहे. तो आकडा गाठणाऱ्याला त्या आठवड्यात मिळाले ते आठ पौंड, आणि अखेरचा सामना बरोबरीत सुटला म्हणून वर एक पौंड बोनस.

दृष्टिक्षेपात डीन

जन्म : २२ जानेवारी १९०७, बर्कनहेड
मृत्यू : १ मार्च १९८०, गुडिसन पार्क, लिव्हरपूल
ट्रॅन्मिअर रोव्हर्स (लीग) : ३० सामने, २७ गोल
एव्हर्टन (लीग) : ३९९ सामने, ३४९ गोल
एव्हर्टन (सर्व स्पर्धा) : ४३३ सामने, ३८३ गोल
इंग्लंड : १६ सामने, १८ गोल
विजेतीपदे : पहिली श्रेणी १९२७-२८ व १९३१-३२, दुसरी श्रेणी १९३०-३१, एफए कप १९३३